मोती, मोहरा आणि खुर्दा : 'पानिपत' वाचून मुलांनी विचारलेले प्रश्न

इयत्ता नववीच्या विद्यार्थ्यांना दिवाळीच्या सुट्टीत एक तरी मोठी कादंबरी वाचावयास द्यावी आणि सुट्टीनंतर तिच्यावर प्रत्येकाकडून स्वतंत्र अभिप्राय लिहून घ्यावा, असा उपक्रम मी इतिहासाचा शिक्षक या नात्याने अनेक वर्षे चालविला आहे. त्यासाठी बहुतेक वेळा मी विश्वास पाटील यांची 'पानिपत' ही कादंबरी निवडतो. १९८८ साली प्रसिद्ध झालेली ही कादंबरी महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचली, तिच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या आणि 'रणांगण' या नाटकाच्या रूपाने ती रंगभूमीवरही आली. मोठा ग्रंथ पाहून प्रथम भिणारी मुले पन्नास पाने ओलांडली की तो खाली ठेवत नाहीत, हा माझा अनुभव आहे.

आपल्या शाळेच्या या स्मरणिकेत मी त्या कादंबरीचे परीक्षण लिहीत नाही. मुलांनी तिच्याविषयी जी मते मांडली, जे प्रश्न विचारले आणि त्या प्रश्नांमुळे मला स्वतःला इतिहासाकडे पुन्हा वळून जे पाहावे लागले, त्याचा हा वृत्तांत आहे. ऐतिहासिक कादंबरी कशी वाचावी, हे पालकांना व माजी विद्यार्थ्यांनाही यातून स्पष्ट व्हावे, एवढाच हेतू.

एक जुना प्रश्न

आरंभी स्वतःविषयी थोडे सांगणे भाग आहे. 'पानिपत' प्रसिद्ध झाली तेव्हा मी महाविद्यालयाच्या वसतिगृहात राहत होतो. दोन रात्री जागून ती वाचली. विश्वासराव पडले तेव्हा डोळ्यांतून पाणी आले, सदाशिवरावभाऊ हत्तीवरून उतरून गर्दीत शिरले तेव्हा अंगावर काटा आला. सुट्टीत गावी गेल्यावर मी ती सारी कथा आईला सांगितली. ती दिवसभर दुसऱ्याच्या रानात खुरपून आलेली, अक्षरओळख नसलेली. तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि एकच विचारले, "एवढी मान्सं गेली म्हंतोस, त्यात आपलं कुणी हुतं का रं?"

मला उत्तर देता आले नाही. पुढे इतिहास विषय घेऊन एम. ए. झालो, त्यामागे त्या प्रश्नाचा वाटा मोठा आहे. आज तीस-पस्तीस वर्षांनी माझ्या वर्गातील मुले निराळ्या शब्दांत तोच प्रश्न विचारतात.

मुलांची मते

अभिप्रायांच्या वह्या तपासताना साधारणतः चार प्रकारची मते आढळतात.

पहिले मत अभिमानाचे. "आपण हरलो, पण शत्रूलाही परत यायची हिंमत झाली नाही," असे लिहिणारी मुले पुष्कळ असतात. ज्या वयात मराठी मन पराभवाची शरम बाळगते, त्या वयात त्या पराभवातील शौर्य कादंबरीने दाखविले, हे तिचे यश होय. आडमुठा व हेकट म्हणून ज्यांची गणना होत असे, त्या भाऊंना लेखकाने सहानुभूतीने पाहिले आहे.

दुसरे मत दोषारोपाचे. कोणी नजीबखानाला दोष देतो, कोणी मल्हारराव होळकरांना. एका वर्षी एका मुलाने लिहिले, "मल्हाररावांनी नजीबाला वाचविले नसते आणि ऐन वेळी रण सोडले नसते, तर आपण जिंकलो असतो." ते वाचून दाखविताच बारामती तालुक्यातील होळ गावाकडून आलेला एक मुलगा ताडकन उभा राहिला. होळकर घराण्याचे नाव ज्या गावावरून पडले, ते नीराकाठचे होळ. तो म्हणाला, "सर, हरले की आमच्यावर ढकलायचे, ही रीत जुनीच आहे. बायकामाणसांना बाहेर काढायला भाऊंनीच त्यांना सांगितले होते, असे आमच्याकडे म्हणतात." दोन्ही बाजूंनी मुले बोलू लागली आणि बघता बघता कादंबरीवरील चर्चा जातीवरच्या भांडणाकडे झुकू लागली. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा मला सुटल्यासारखे वाटले, हे प्रांजळपणे कबूल करतो.

तिसरे मत धर्माचे. "हे हिंदू आणि मुसलमान यांचे युद्ध होते," असे काही मुले लिहितात. कादंबरी वाचूनही ती असे लिहितात, याचे मला आश्चर्य वाटते. कारण इब्राहिमखान गारदी हे त्या कादंबरीतील एक तेजस्वी पात्र आहे.

चौथे मत संख्येने लहान. परंतु माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचे. एका मुलीने अवघ्या चार ओळी लिहिल्या होत्या. त्यांचा आशय असा : सगळे जण म्हणतात की बाजारबुणग्यांमुळे मराठे हरले, पण घोड्याला नाल कोणी मारली, पाणी कोणी भरले, दाणा कोणी दळला, हे कोणी सांगत नाही. बुणगे नसते तर सरदार एक दिवस तरी लढले असते काय?

कादंबरी आणि साधने

या मतांचा निवाडा करावयाचा तर प्रथम कादंबरी आणि इतिहास यांतील भेद समजून घ्यावा लागतो. कादंबरीकाराला पात्रांच्या मनात शिरण्याची मुभा असते. भाऊंच्या मनात रात्री काय चालले होते, हे कोणत्याही कागदात नाही. ते लेखकाने निर्माण करावयाचे असते. इतिहासकाराला ही मुभा नाही. तो साधनांनी बांधलेला असतो आणि साधन पुढे येताच पहिला प्रश्न विचारतो : हे कोणी लिहिले, केव्हा लिहिले आणि कोणासाठी लिहिले?

पानिपताची साधने या कसोटीवर पाहू. कृष्णाजी शामराव याची म्हणून ओळखली जाणारी 'भाऊसाहेबांची बखर' घटनेनंतर थोड्याच काळात लिहिली गेली. रघुनाथ यादवाची 'पाणिपतची बखर' ही गोपिकाबाईंच्या आज्ञेवरून लिहिलेली. गोपिकाबाई म्हणजे रणात पडलेल्या विश्वासरावांच्या मातोश्री. पुत्रशोकात बुडालेल्या मातेसाठी लिहिलेल्या मजकुरात विश्वासरावांचे वर्णन कसे येईल, हे वेगळे सांगावयास नको. काशीराज पंडित हा प्रत्यक्षदर्शी. पण तो होता अयोध्येच्या शुजाउद्दौल्याच्या पदरी, म्हणजे अब्दालीच्या बाजूच्या छावणीत. त्याने आपला फारसी वृत्तांत सुमारे १७८० साली, जवळपास वीस वर्षांनी लिहिला आणि पुढे त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले. १८९८ मध्ये वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला. त्यातील अस्सल पत्रांमुळे बखरी तपासून पाहण्याची सोय झाली. त्र्यं. शं. शेजवलकरांनी या सर्वांचा अभ्यास करून पानिपतावर ग्रंथ लिहिला आणि त्यासाठी ती भूमीही प्रत्यक्ष पाहिली.

साधनांच्या प्रकाशात मुलांची दोन मते लगेच दुरुस्त करता येतात.

एक, धर्माचे. अब्दाली हा आपला धर्मबंधू आहे म्हणून त्याला मिळण्याचा मार्ग इब्राहिमखानापुढे मोकळा होता. तो त्याने स्वीकारला नाही. त्याच्या गारद्यांनी आणि तोफखान्याने त्या दिवशी रोहिल्यांची फार मोठी हानी केली. तो जखमी होऊन पकडला गेला आणि मारला गेला. उलट शुजाउद्दौल्याच्या फौजेत अनूपगीर आणि उमरावगीर या गोसावी बंधूंचे नागा सैनिक होते. म्हणजे अब्दालीच्या बाजूने हिंदू संन्यासी लढत होते आणि वृत्तांत लिहिणारा काशीराज पंडितही त्याच छावणीत होता. ज्या युद्धात माणसे अशी विभागली गेली, त्याला दोन धर्मांचे युद्ध म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही. ते दिल्लीच्या सत्तेसाठी झालेले युद्ध होते.

दुसरे, संक्रांतीचे. मराठीत 'संक्रांत कोसळली' असे आपण म्हणतो आणि पानिपत संक्रांतीच्या दिवशीच झाले, असे मुले हमखास लिहितात. लढाईची तारीख १४ जानेवारी १७६१ ही खरी. परंतु संक्रांतीची इंग्रजी तारीख कालांतराने पुढे सरकत जाते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३ सालच्या मकरसंक्रांतीचा, आणि ती तारीख होती १२ जानेवारी. त्याआधी शंभर वर्षांपूर्वी संक्रांत आणखी अलीकडे येत असे. म्हणजे १७६१ साली संक्रांत लढाईच्या तीन-चार दिवस आधीच होऊन गेली होती. आजचे पंचांग आपण नकळत दोनशे साठ वर्षे मागे नेऊन बसवतो.

मल्हाररावांविषयी मात्र असा सरळ निकाल देता येत नाही. ते रणातून निघाले, हे निश्चित. का निघाले, याविषयी इतिहासकारांत एकवाक्यता नाही. होळच्या त्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी एवढेच सांगितले की एका माणसाच्या वर्तनावरून त्याच्या जातीला दोषी धरणे हे जितके चुकीचे, तितकेच जातीच्या अभिमानाने त्या माणसाला निर्दोष ठरविणेही चुकीचे. दोन्हींत पुरावा बाजूला राहतो.

'बाजारबुणगे' कोण?

आता त्या मुलीच्या चार ओळींकडे वळू.

१७६० च्या मार्चमध्ये परतूर परिसरातून निघालेली मराठी फौज ऑक्टोबरात कुंजपुरा घेऊन पानिपतावर आली. तेथे सुमारे अडीच महिने दोन्ही सैन्ये समोरासमोर होती. रसद मारली गेली, गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि छावणीत उपासमार सुरू झाली. या छावणीत लढणाऱ्यांच्या तुलनेत न लढणाऱ्यांची संख्या फार मोठी होती. ती लाखाच्या पुढे असल्याचे अंदाज आहेत. त्यांत यात्रेकरू होते, सरदारांची कुटुंबे होती, व्यापारी होते आणि राबणारे होते. या साऱ्यांना मिळून एक शब्द आहे : बाजारबुणगे. आज मराठीत हा शब्द शिवीसारखा वापरला जातो, हीच गोष्ट बोलकी आहे.

ज्या फौजेत हजारो घोडी आहेत, तेथे रोज वैरण कापून आणावी लागते, खरारा करावा लागतो, नाल मारावी लागते. खोगीर, लगाम, पखाली आणि मोटा चामड्याच्या असतात. तोफा ओढणाऱ्या बैलांना दोर लागतात. तंबूंना मेखा लागतात. मेलेली जनावरे ओढून टाकावी लागतात. गावगाड्यात ही कामे कोणाच्या वाट्याला आली होती, हे मी या स्मरणिकेच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. गावातील काम छावणीत गेले म्हणून करणारे हात बदलले असतील, असे मानण्यास काही कारण नाही. माझ्या आईच्या प्रश्नाचे उत्तर हेच होते. आपले लोक तेथे होते, कागदावर नव्हते.

पराभवाची बातमी नानासाहेब पेशव्यांना कळली ती एका सावकारी पत्रातून, अशी प्रसिद्ध हकीकत आहे. पत्राची भाषा सांकेतिक होती. दोन मोती गेले, पंचवीस-सत्तावीस मोहरा हरवल्या, आणि रुपये व खुर्दा किती गेला त्याची गणती नाही, असा तिचा आशय. दोन मोती म्हणजे भाऊ व विश्वासराव. मोहरा म्हणजे नामांकित सरदार. आणि खुर्दा म्हणजे चिल्लर : शिपाई, मोतद्दार, भिस्ती, बायका, मुले. लढाईच्या दुसऱ्या दिवशी कैद झालेल्यांची जी कत्तल झाली, तिचा आकडा काशीराज चाळीस हजारांच्या घरात देतो. बायका-मुले गुलाम म्हणून नेली गेली. त्यांतील एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही.

हे सांगताना त्या पत्रलेखकाला दोष देण्याचा माझा उद्देश नाही. त्याने आपल्या काळाच्या चालीने लिहिले. आपण मात्र त्याचाच हिशेब पुढे चालवावा काय, हा प्रश्न आपला आहे. मोती आणि मोहरांसाठी रडणारा वाचक खुर्द्याजवळ क्षणभर थांबला, तर त्याने कादंबरी नीट वाचली, असे मी समजतो.

खुर्द्यातील एक नाव

या अफाट खुर्द्यातून एक नाव मात्र इतिहासाने राखून ठेवले आहे. महादजी शिंदे पानिपतावरून निसटत असताना एका पठाणाने पाठलाग करून त्यांना पायावर घाव घातला आणि मेले समजून तो निघून गेला. ते कायमचे लंगडे झाले. त्या अवस्थेत रस्त्यावर पडलेल्या महादजींना ज्याने उचलले आणि आपल्या बैलावर घालून दक्षिणेकडे आणले, तो राणेखान नावाचा भिस्ती होता. भिस्ती म्हणजे पखालीने पाणी वाहणारा. छावणीच्या भाषेत बाजारबुणगाच. महादजींनी हे उपकार जन्मभर स्मरले, राणेखानाला भाऊ मानले आणि मोठ्या पदाला चढविले.

पानिपतानंतर दहा वर्षांनी, १७७१ मध्ये, मराठ्यांनी दिल्लीत पुन्हा जम बसविला, त्यात महादजी अग्रभागी होते. गेलेली प्रतिष्ठा परत मिळविणारा हा सेनानी एका पाणक्याच्या बैलाच्या पाठीवरून परत आला होता. बुणग्यांमुळे हरलो, असे म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

आपल्यालाही तीच कसोटी

येथे आपल्या मुलांना, आणि आपल्या सर्वांनाच, एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. पानिपताविषयी एक गोष्ट आपल्या व्याख्यानांतून नेहमी सांगितली जाते. अब्दालीने रात्री मराठ्यांच्या छावणीत ठिकठिकाणी पेटलेल्या चुली पाहिल्या, प्रत्येक जात स्वतंत्र स्वयंपाक करते हे त्याला कळले, आणि जे एकत्र जेवू शकत नाहीत ते एकत्र लढणार कसे, असे तो म्हणाला. गोष्ट परिणामकारक आहे. तरुणपणी मीही ती अनेक सभांतून सांगितली आहे. पुढे साधने वाचली, तेव्हा समकालीन कागदांत तिला आधार मला कोठे आढळला नाही. त्या दिवसापासून मी ती सांगणे सोडून दिले.

जातिभेदाने समाज दुबळा केला, हे सत्य सिद्ध करण्यासाठी दंतकथेची मदत लागत नाही. त्याला खरे पुरावे विपुल आहेत. केवळ ऐकले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, किंवा सांगणारा आदरणीय आहे म्हणून स्वीकारू नका, तपासून पाहा, असा उपदेश तथागतांनी कालामांना केला. आपल्याला न आवडणाऱ्या गोष्टीला ही कसोटी लावणे सोपे असते. आवडणाऱ्या गोष्टीला लावली, तरच ती कसोटी म्हणावयाची.

कोरेगावचा स्तंभही याच दृष्टीने पाहावा. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या साध्या शिपायांची नावे तेथे दगडावर कोरलेली आहेत आणि त्यांतील अनेक नावांच्या शेवटी 'नाक' आहे. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेबांनी तेथे जाऊन अभिवादन केले. खुर्द्याला नाव मिळाले, हे त्या दगडाचे मोल आहे. त्याचबरोबर तो स्तंभ कंपनी सरकारने आपल्या विजयासाठी उभारला आणि पुढे १८९० नंतरच्या काळात त्याच इंग्रज सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली, हेही मुलांना सांगितले पाहिजे. अर्धा इतिहास अभिमान देतो. पूर्ण इतिहास शहाणपण देतो.

तीन प्रश्न

म्हणून कोणतीही ऐतिहासिक कादंबरी हाती देताना मी आता मुलांना तीन प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्यावयास सांगतो. यातील किती भाग कागदपत्रांतून आला आणि किती लेखकाच्या प्रतिभेतून? कथा कोणाच्या खांद्यावर बसून सांगितली आहे? आणि यात राबणारे कोण आहेत, त्यांना नावे आहेत काय? या प्रश्नांमुळे कादंबरीची गोडी कमी होत नाही. भाऊंसाठी डोळ्यांत पाणी आले तर येऊ द्यावे. त्यानंतर वही उघडावी.

कोरेगावाजवळून वाहणारी भीमा पुढे आपल्या डाळजला उजनीचे पाणी होऊन पसरते. ज्या उन्हाळ्यात ते पाणी फार उतरते, त्या उन्हाळ्यात पळसदेवचे बुडालेले जुने मंदिर वर येते आणि लोक दुरून ते पाहावयास, छायाचित्रे काढावयास जातात. मंदिराभोवती गावही होते. घरे होती, वाडे होते, गावकुसाबाहेरच्या वस्त्याही होत्या. त्यांचे दगड गाळाखाली आहेत. त्यांची आठवण मात्र अजून काही वृद्धांपाशी शिल्लक आहे.

या वर्षी सुट्टीत मी मुलांना कादंबरीबरोबर आणखी एक काम दिले आहे. आपल्या घरातील किंवा वस्तीतील एका वृद्ध माणसाजवळ बसावे, धरणापूर्वीच्या गावात त्यांचे घर कोठे होते, शेजारी कोण होते, कोणते काम कोण करीत असे, हे विचारावे आणि नावांसह लिहून आणावे. माझी आई आज हयात नाही. असती, तर तिच्यापुढे त्या वह्या ठेवून मी म्हणालो असतो, "बघ, यात आपली माणसं आहेत, आणि त्यांची नावंही आहेत."